आधी पाणी, मग विचारपूस

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवार, सकाळचे साडेआठ. पहिली घंटा होऊन गेली होती आणि मी चर्चच्या व्हरांड्यात छत्री झटकत उभा होतो. फाटकातून एक गृहस्थ आत आले. चाळिशीचे असतील. अंगात रेनकोट, बोटाला धरलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी. आपल्यातले नाहीत हे लगेच कळलं, कारण आमची मंडळी तशी लहान. कोण कोणाचा साडू आणि कोणाचं कोणाशी दोन वर्षं बोलणं नाही, हे सगळ्यांना पाठ. ते नोटीस बोर्डापाशी थांबले. बोर्डावर पास्टोरेट कमिटीच्या निवडणुकीची यादी होती आणि दफनभूमीच्या वर्गणीची थकबाकी. त्यांनी ते सगळं वाचून काढलं. वाचण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण नुसतं उभं राहण्यापेक्षा बरं. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "चपला इथंच काढायच्या का?"

मी म्हणालो, "नाही नाही, चालतं." आणि आत गेलो.

हे "चालतं" पुढे बरेच दिवस माझ्या डोक्यात राहिलं. काय चालतं? काढलेल्या चालतात की घातलेल्या चालतात? त्यांनी आपल्या परीनं अर्थ लावला आणि चपला काढल्या, मुलीच्याही काढायला लावल्या. आत सगळे बुटात, आणि हे दोघं ओल्या फरशीवर अनवाणी. डावीकडचा एक बाक रिकामा दिसला म्हणून तिथं बसले. आमच्याकडे डावी बाजू बायकांची. असा नियम आता कुठं लिहिलेला नाही, पण जुनी वहिवाट आहे. पहिलं गीत सुरू असताना एका मावशींनी हळूच त्यांना खूण केली, "दादा, तिकडं." ते उठले, मुलीला घेऊन अख्ख्या मंडळीच्या देखत मधल्या वाटेनं मागं गेले आणि शेवटच्या बाकावर बसले. गीतांचं पुस्तक कोणी दिलं नाही. उपासना संपल्यावर चपला जागेवर नव्हत्या. पाऊस आत येतो म्हणून वॉचमननं त्या उचलून जनरेटरच्या मागं ठेवल्या होत्या. मी शोधून आणून दिल्या. ते हसून म्हणाले, "काही हरकत नाही. हिची शाळा मिशनची आहे ना, तिला चर्च आतून बघायचं होतं." मी त्यांचं नावही विचारलं नाही. ते पुन्हा आले नाहीत.

कोणी त्यांचा अपमान केला नाही, हे मुद्दाम सांगतो. मावशींचा स्वर प्रेमळ होता. वॉचमननं चपला भिजू नयेत म्हणूनच उचलल्या. मीही वाईट बोललो नाही. प्रत्येकानं आपापल्या परीनं नीट वागूनही त्या माणसाला दीड तास आपण चुकीच्या जागी आलोय असंच वाटत राहिलं असणार. नाशिकच्या चर्चमध्ये, आणि चर्चमध्येच कशाला, कुठल्याही जुन्या मंडळींच्या ठिकाणी, परक्या माणसाचं जे होतं ते बहुधा असंच होतं. हाकलत कोणी नाही. फक्त त्याला काही सांगत नाही.

आपल्याकडे घरी आलेल्या माणसाला काय करतात? उन्हातून आलेला असो की पावसातून, आधी पाण्याचा तांब्या पुढं होतो. जुन्या घरांत सोबत गुळाचा खडा. पाणी पिऊन झालं, घाम पुसला, की मग "कसं येणं केलंत?" हा क्रम कोणी शिकवत नाही, पण तो चुकला तर आईची नजर बोचते. आलेल्याला आधी द्यायचं आणि विचारायचं ते नंतर. चर्चच्या दारात आपण हे उलटं करतो, किंवा दोन्हीही करत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की चर्चमध्ये पहिल्यांदा आलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत आपण आधी सांगावं: चपला घालूनच या, कुठंही बसा, हे पुस्तक, आता अमुक पानावर आहोत, उभं राहायचं तेव्हा बघून उभे राहा, नाही राहिलात तरी कोणी काही म्हणत नाही. तो कोण, कुठला, कशाला आला, हे त्याला सांगावंसं वाटेल तेव्हा तो सांगेल.

'कोण, कुठला' हा प्रश्न नाशिकमध्ये साधा नाही, म्हणून हे इतकं ताणून सांगतोय. पंचवटीत रामकुंडावर या. तीर्थोपाध्याय पहिला प्रश्न विचारतात: गाव कोणतं, आडनाव काय? उत्तर मिळालं की बाडातून जुनी वही निघते आणि तुमच्या खापरपणजोबांनी कोणत्या साली पिंडदान केलं, सोबत कोण होतं, हे ते वाचून दाखवतात. बाहेरगावाहून आलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं, मी पाहिलंय. परक्या गावात कोणीतरी आपल्याला आपल्या पणजोबांच्या नावानं ओळखलं! स्वागताची याहून मोठी तऱ्हा मला माहीत नाही, आणि ख्रिस्ती माणूस असूनही तिचं मला कौतुक वाटतं. पण वहीत ज्यांची नावं नव्हती, ज्यांना तिथपर्यंत येऊच दिलं जात नव्हतं, त्यांच्यासाठी तोच प्रश्न कुलूप होता. त्याच पंचवटीत, काळाराम मंदिराच्या चारही दारांशी २ मार्च १९३० पासून माणसं बसली होती. डॉ. आंबेडकरांनी सुरू केलेला आणि दादासाहेब गायकवाडांनी नेटानं चालवलेला तो सत्याग्रह पुढं काही वर्षं चालला आणि दार उघडलं नाही. १९३५ च्या ऑक्टोबरात, याच जिल्ह्यातल्या येवल्यात, बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. दार, उंबरठा आणि आत कोणी यायचं, हा या शहराचा जुना, रक्त उकळवणारा विषय आहे. इथं दारात उभं राहून "आपलं आडनाव?" असं विचारणारा माणूस, त्याच्या मनात काहीही असलं तरी, नुसतं आडनाव विचारत नसतो.

आणि आपण चर्चवाल्यांनी फार मान ताठ करू नये. महाराष्ट्रातल्या मंडळ्यांमध्ये पूर्वाश्रमीची जात गेलेली नाही. लग्न जमवताना ती निघते, निवडणुकीत निघते, दफनभूमीतही निघते. नवीन माणसाला उपासनेनंतर चहाच्या टेबलापाशी "तुमचं मूळ गाव कुठलं?" असं विचारणाऱ्या वडिलधाऱ्यांना नक्की काय जाणून घ्यायचं असतं, हे त्यांनाही माहीत असतं आणि समोरच्यालाही. गेल्या वर्षी एका तरुण जोडप्यानं मला सांगितलं, "आम्हाला तिसऱ्या रविवारी कळलं की ते आमचं गाव का विचारत होते." यावर मी काय बोलणार होतो?

नाशिकच्या चर्चचा इतिहास मात्र या बाबतीत विलक्षण आहे. शरणपूर रोडवरून रोज हजारो गाड्या जातात. त्या नावाकडे कोणी लक्ष देत नाही. शरण आलेल्यांचं गाव ते शरणपूर. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीनं तेव्हाच्या नाशिकबाहेर वसवलेली ही वस्ती. घर सुटलेल्यांसाठी, पोरक्यांसाठी. आणि तिथं एके काळी आफ्रिकेतली मुलं राहत होती! अरबी समुद्रात गुलामांची ने-आण करणारी गलबतं ब्रिटिश आरमार पकडायचं. त्यातल्या सोडवलेल्या मुलांपैकी काही मुंबईमार्गे इथं आली, इथल्या शाळेत शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. स्कॉटिश मिशनरी आणि आफ्रिकेचे शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन १८७३ साली तिथंच वारले तेव्हा त्यांचा देह शेकडो मैल चालत किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत नाशिकला शिकलेली ही पोरं होती, आणि १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत लिव्हिंगस्टन यांच्या शवपेटीला हात लावणाऱ्यांत जेकब होता. नाशिकरोडहून दादरला जाणाऱ्या आपल्यासारख्यांना हे ऐकून गंमत वाटते.

पण अभिमानानं छाती फुगवण्याआधी त्या नावाकडे पाहावं. जेकब वेनराइट. तो याओ जमातीचा मुलगा. त्याच्या आईनं त्याला काय नाव ठेवलं होतं? आश्रय मिळाला, जेवण मिळालं, विद्या मिळाली, आणि सोबत नवं नाव मिळालं. जीव वाचवणाऱ्यांचं ऋण मोठंच, ते मी नाकारत नाही. तरी त्या स्वागतात एक पकड होती. आलेल्याला आपल्यासारखं करून घेतल्याशिवाय आपलं म्हणायचं नाही, ही ती पकड. आजच्या चर्चमध्ये ती निराळ्या रूपात आहे, आणि माझ्या मते न सांगण्याच्या दोषाइतकाच हा दुसरा दोष भारी आहे.

नव्या पद्धतीच्या मंडळ्यांत गेलात तर हे लगेच अनुभवाला येतं. दारात चारजण हस्तांदोलन करतात. एक ताई मिठी मारते. मग सूचनांच्या वेळी माईकवरून आवाज येतो: "आज आपल्यामध्ये पहिल्यांदाच कोणी आलं असेल तर त्यांनी कृपया उभं राहावं." बसलेला माणूस मनात म्हणतो, नको. शेजारचा कोपरानं ढोसतो. तो उभा राहतो. टाळ्या. नाव, गाव, कोणी आणलं? पुन्हा टाळ्या. एक छोटं स्वागतगीत, तेही हातवारे करून. नंतर वही पुढं येते, तीत मोबाईल नंबर. सोमवारी सकाळी सहाला व्हॉट्सॲपवर आजचं वचन, सूर्योदयाच्या फोटोसह. मंगळवारी पुन्हा. गुरुवारी फोन: "ब्रदर, या रविवारी येताय ना?" माझ्या ऑफिसातले एक सहकारी एकदा मित्राबरोबर असे गेले आणि तेव्हापासून त्यांनी तो नंबर ब्लॉक केलाय. ते मला म्हणाले, "तुमचे लोक चांगले आहेत हो, पण इन्शुरन्सवाल्यांसारखे चिकटतात."

हसू येतं, पण यात आज एक धोकाही आहे. धर्मांतराच्या वादामुळे महाराष्ट्रात सध्या वातावरण तापलेलं असतं. ख्रिस्ती माणसानं परक्याशी जरा जास्तच गोड वागलं की आमिष दाखवतोय, असा संशय घेणारे आहेत. आणि आमच्या बाजूलाही संशय शिरलाय. अनोळखी तरुण मागच्या बाकावर मोबाईल घेऊन बसला की दोन-चार माना वळतात. हा व्हिडिओ तर काढत नाही ना? या भीतीला आधार नाही असं मी म्हणणार नाही. पण भीतीवर उपाय म्हणून फाटक अर्धं लोटून ठेवणं हे मला पटत नाही. आमच्या कमिटीत एकानं सुचवलं की अनोळखी माणसाचं नाव-पत्ता वॉचमननं लिहून घ्यावं, सोसायटीत घेतात तसं. दारात एक माणूस शांतपणे उभा आहे, प्रत्येकाशी दोन शब्द बोलतो, पुस्तक हातात देतो; त्या माणसाला आत कोण आलंय हे रजिस्टरपेक्षा चांगलं कळतं. आणि ज्याला खरोखर वाईट हेतूनं यायचंय तो रजिस्टरात खरं नाव कशाला लिहील? उलट आपण काहीच लपवत नाही, कोणाला ओढतही नाही, हे जितकं उघड दिसेल तितकं बरं. हातात पुस्तक देणं आणि नंबर न मागणं, या दोन गोष्टींनी ते दिसतं.

कोण येतं, हेही पाहायला हवं. 'पाहुणा' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. नाशिकरोडला नोट प्रेसमध्ये, ओझरला एचएएलमध्ये, देवळालीला तोफखान्यात बदलीवर आलेली कुटुंबं येतात; त्यांना इंग्रजी किंवा हिंदी उपासना कधी असते हे हवं असतं. रुग्णालयांतल्या मल्याळी नर्स रात्रपाळी संपवून थेट येतात, त्यांना डुलकी लागली तर कोणी डोळे वटारू नयेत एवढीच अपेक्षा असते. २५ डिसेंबरला तर अर्धं नाशिक गव्हाणीचा देखावा बघायला येतं, कडेवर लाल टोपीतलं पोर घेऊन. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या देवस्थानात वर्षभर नवस बोलायला आणि फेडायला सगळ्या धर्मांचे लोक येतात, आणि फेब्रुवारीच्या यात्रेला वसई, मुंबई, गोव्याकडून गाड्या भरून माणसं लोटतात. तिथं निरनिराळ्या भाषांत मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, असतात, मंडप असतो, रांगा असतात. तिथल्या साध्या भाविकाला मेणबत्ती कुठं लावायची हे विचारावं लागत नाही, समोरचा लावतो ते दिसतं. गर्दीचं हे एक सुख आहे: ती न बोलता शिकवते. आमच्यासारख्या ऐंशी माणसांच्या उपासनेत नवखा माणूस उघडा पडतो.

आणि मग सुरगाणा, पेठ, कळवणकडून आलेली आदिवासी पोरं. अंबड-सातपूरला कंपनीत कंत्राटावर लागलेली, सहाजण एका खोलीत राहणारी. गावाकडं त्यांची उपासना म्हणजे कुडाच्या घरात सतरंजीवर, ढोलकीवर, तीन-तीन तास. शहरात आल्यावर रविवारी चर्च शोधत येतात. हा त्यांच्याच घरातला विधी, तरी ती सर्वांत बुजलेली असतात. दगडी भिंत, उंच छत, ऑर्गन, टायवाले वडीलधारे. माझ्या नजरेसमोरचं एक दृश्य सांगतो. एका रविवारी मुंबईहून एक कुटुंब गाडीतून उतरलं. पार्किंगपासून दोघं जण सोबत, पाळकसाहेबांशी ओळख, पुढचा बाक. त्याच दहा मिनिटांत तीन पोरं सायकली लावून आली, पाय पुसण्यावर बराच वेळ पाय घासत राहिली आणि मागं खांबाच्या आड बसली. त्यांच्याकडे कोणी गेलं नाही. त्या दिवशीच्या प्रवचनाचा उतारा दुसराच होता, पण मला सारखा याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय आठवत होता: सोन्याची अंगठी घातलेला माणूस तुमच्या सभेत आला तर त्याला म्हणता इथं चांगल्या जागी बसा, आणि मळक्या कपड्यातल्या गरिबाला म्हणता तिकडे उभा राहा. एकोणीसशे वर्षांपूर्वीची तक्रार आहे, आणि ती बसण्याच्या जागेवरूनच आहे. पार्किंगमधल्या त्या दोघांत एक मी होतो.

म्हणून कोणी मला म्हणतं की "चर्च म्हणजे काय हॉटेल आहे का, स्वागतकक्ष उघडायला? ज्याला देवाची ओढ आहे तो येईलच," तेव्हा मी त्यांना एवढंच म्हणतो की आपण स्वागत करतच असतो. फक्त निवडून करतो. गाडीला करतो, सायकलला करत नाही.

याच आक्षेपाचा दुसरा अवतार म्हणजे "हे अमेरिकेतलं खूळ आहे, कॉफी न् डोनट." तसं असेलही. कॉफी नको. पण शिंगाडा तलावाजवळच्या गुरुद्वारात एकदा जाऊन या. दारातच जोडे ठेवून घेणारी माणसं असतात, चांगली शिकलेली, कमावती, आणि ती परक्याचे जोडे हातात घेऊन टोकन देतात. डोकं झाकायला रुमाल तिथंच ठेवलेले असतात, तुमच्याकडे नाही म्हणून कोणी तोंड वाकडं करत नाही. आत कसं बसायचं, लंगरात ताट कसं धरायचं, शेजारचा सांगतो. आणि कोणीही तुमचं आडनाव विचारत नाही. मी गेलो तेव्हा नाही विचारलं. चपलांचा प्रश्न किती मोठा आहे हे त्यांनी ओळखलंय. हिंदू घरातून आलेल्या माणसाच्या मनात देवाच्या दारात पहिली शंका पायातल्या चपलेचीच असते. आमच्याकडे तिला उत्तर द्यायला साधी पाटीसुद्धा नाही.

आता जरा अवघड भागाकडे येतो, कारण चपला आणि पुस्तकं हे सोपं आहे. प्रभुभोजनाचं काय, येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीचं? त्याला कॅथलिक बंधू 'ख्रिस्तप्रसाद' म्हणतात, आम्ही 'प्रभुभोजन'. दोन्हीकडे ते सगळ्यांसाठी खुलं नसतं. आणि पाहुण्याला हे कोण सांगणार? आपल्याकडे प्रसाद नाकारणं म्हणजे देवाचा अपमान. रांग पुढं सरकायला लागली की भला माणूस मागं बसून राहायला संकोचतो, आणि रांगेत जातो. मग वेदीपाशी पोहोचल्यावर प्रश्न पडतो, हात पुढं करायचा की तोंड उघडायचं? आणि तिथं त्याला कोणी हळूच बाजूला केलं तर तो माणूस आयुष्यभर ती गोष्ट विसरत नाही. मी असं एकदा झालेलं ऐकलंय, दुसऱ्या शहरात. बाजूला केलेला माणूस मयताचा सख्खा मित्र होता.

काही जण यावर म्हणतात, मग सगळ्यांनाच द्या. मला ते पटत नाही. जेवण कोणाचं, कशाचं स्मरण, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हातात ते ठेवणं हा त्याचाही मान नाही. सीमा असू दे. पण ती वेदीपाशी कळता कामा नये. बाकावर बसल्या बसल्या कळायला हवी. त्याला एक मिनिट लागतं. विधीच्या आधी पाळकांनी साध्या मराठीत म्हणावं: बाप्तिस्मा झालेले, सहभागी होणारे पुढं येतील, बाकीच्यांनी जागेवर शांत बसून राहावं, किंवा आशीर्वादासाठी यायचं असेल तर हात छातीवर घेऊन यावं. किती माणसांची किती लाज त्या एका मिनिटात वाचेल! आमच्या पाळकसाहेबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "सगळ्यांना माहीतच असतं." सगळ्यांना म्हणजे कोणाला, हाच तर मुद्दा आहे.

आपल्या भाषेचाही त्यात वाटा आहे. आमची उपासनेची मराठी एका वेगळ्याच वाड्यात राहते. 'अभिषिक्त', 'प्रायश्चित्त', 'पापांगीकार', 'प्रेषितांचा मतांगीकार'. आम्हाला ती लहानपणापासून कानावर पडलेली, म्हणून गोड वाटते. नवख्याला मात्र मराठी ऐकूनही मराठी ऐकल्यासारखं वाटत नाही. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी हे ओळखलं होतं. कीर्तन, अभंग, ओवी घेऊन ते लोकांपुढे उभे राहिले, आणि १९१७ मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा झालेल्यांना जागा होती आणि न झालेल्यांनाही. मिशनऱ्यांच्या भुवया उंचावल्या असतील. त्यांच्या घरातलंच उदाहरण त्यांच्यापुढं होतं. त्यांच्या पत्नी, नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या आधी दुरावल्या, मग परत आल्या तरी बराच काळ सोवळं पाळत राहिल्या, आणि बाप्तिस्मा घेतला तो काही वर्षांनी, त्यांचा त्यांनी. एका घरात दोन चुली चालतील एवढा वेळ त्यांना मिळाला. आमच्या कुठल्या चर्चमध्ये आज माणसाला इतका वेळ मिळतो? तिसऱ्या रविवारी आम्ही विचारतो, "मग काय ठरवलंत?"

माझ्यापुरतं मी दोन रविवार वाटून घेतलेत, पहिला आणि तिसरा. सव्वाआठला फाटकाशी उभा राहतो. सुरुवातीला फार ओशाळल्यासारखं वाटलं; लोकांना वाटायचं मी निवडणुकीला उभा आहे. एका काकांनी तसं विचारलंही. वॉचमनशी माझी दोस्ती झाली. तो सिन्नरकडचा वारकरी, दर वर्षी त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या यात्रेला जातो, आणि आलेल्याला "माउली, आत या, घंटा व्हायचीय अजून" असं म्हणतो. कमिटीतल्या एकाला चर्चच्या दारात 'माउली' खटकलं. मला विचाराल तर त्या फाटकावर आजवर उच्चारलेला सर्वांत चांगला शब्द तोच आहे. मी त्याला पाण्याचा जार बाहेर आणून ठेवायला सांगितलं, स्टीलचे ग्लास, साखळीनं बांधलेले नाहीत असे. पहिल्या महिन्यात दोन गेले. ठीक आहे.

मी काय बोलायचं ते हळूहळू आखूड होत गेलं. आधी मी "सलाम, जय ख्रिस्त, आपलं स्वागत आहे, आपण प्रथमच..." असं सुरू करायचो आणि समोरचा अवघडायचा. आता "या. चपला असू द्या पायात. कुठंही बसा, मागं पंखा आहे" एवढंच. पुस्तक उघडून देतो, पहिल्या गीताच्या पानात चिठ्ठी घालून. परवा सुरगाण्याकडच्या त्या तिघांतला एक एकटाच आला. पुस्तक घेतलं आणि म्हणाला, "पंख्याखाली नको, मला थंडी वाजते." त्यानं माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. तो जाऊन उजवीकडं चौथ्या बाकावर बसला.

पाटीचा विषय मी कमिटीपुढं तीनदा मांडला. "चपला-बूट घालून आत यावे", एवढा मजकूर. पहिल्या मीटिंगमध्ये एक जण म्हणाले की ही आज्ञा झाली, 'यावे'च्या जागी 'येऊ शकता' हवं. दुसऱ्यांनी काढलं की जळत्या झुडपापाशी मोशेला देवानं पायातलं काढायला सांगितलं होतं, तेव्हा आधी त्याचा विचार व्हावा. त्यावर तासभर चर्चा झाली आणि चर्चा चांगली झाली, हे कबूल करतो. पुढच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेवर पाटी सातव्या क्रमांकाला आहे, दफनभूमीच्या कंपाउंडच्या खाली. तोवर तिचं काम मी तोंडानं करतोय, पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी. दुसऱ्या आणि चौथ्याला वॉचमन करतो.